नागपुरात होम स्टायलिंगचं काम सुरू करताना: तयारीची यादी

होम स्टायलिंग म्हणजे घरातलं सामान नीट मांडून खोली लावून देणं. इन्स्टाग्राम अकाउंटचं नाव आणि लोगो ठरवण्यात महिना घालवण्याआधी तीन खोल्या लावून पाहा. एक स्वतःच्या घरातली, एक मावशीकडची किंवा आत्याकडची आणि एक मैत्रिणीच्या भाड्याच्या घरातली, जिथे भिंतीत खिळा ठोकायची परवानगी नाही. तिन्ही ठिकाणी नवीन खरेदी शक्यतो नको. घरात आहे तेच हलवायचं, धुवायचं, वर-खाली लावून पाहायचं, अर्धं उचलून आत ठेवायचं. आपल्याकडच्या घरांत सामानाची कमी नसते. हॉलमधली बंगई (झोपाळा), आजीचा दिवाण, पितळी गंगाळ, तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल आणि शोकेसमध्ये कोंबलेल्या भेटवस्तू असतातच. यातलं काय समोर यावं आणि काय आलमारीत जावं, ही नजर आधी तयार करा. ती दुकानातून आणलेल्या कुशन कव्हरांवर तयार होत नाही.

सामानाला हात लावण्याआधी खोलीचे फोटो काढून ठेवा. काम संपल्यावर त्याच कोपऱ्यात, त्याच उंचीवर, दिवसाच्या त्याच वेळी पुन्हा काढा. आधीचा फोटो नसेल तर तुम्ही काय केलं ते बघणाऱ्याला कळत नाही, आणि पुढचं गिऱ्हाईक नेमकं तेच बघून येतं.

आपण काय करत नाही, तेही ठरवून लिहून ठेवा. भिंत पाडणं, वायरिंग, नळजोडणी हे स्टायलिंगमध्ये येत नाही. स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू नका. १९७२च्या कायद्यानुसार ते नाव फक्त वास्तुकला परिषदेकडे नोंदणी झालेल्यांनाच लावता येतं. कोर्स करायची ऐपत आणि वेळ असेल तर जरूर करा, पण त्यासाठी काम अडवून ठेवू नका. काही मापं मात्र पाठ हवीत. सोफा आणि सेंटर टेबल यांत साधारण १६ ते १८ इंच अंतर, चालायच्या वाटेला किमान ३० इंच, चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांच्या आसपास, पडद्याचं कापड खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट. पिशवीत मेजरिंग टेप, चित्र सरळ लागलं का ते बघायची लेव्हल, मास्किंग टेप, दोन्हीकडून चिकटणारी टेप, सुईदोरा, सेफ्टी पिना, कात्री, छोटी इस्त्री, एक्स्टेन्शन बोर्ड आणि कोरडी-ओली दोन फडकी कायम असू द्या.

आता नागपूरचं ऊन. ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या रील्स बघून कळणार नाही, म्हणून सविस्तर सांगते. मार्च-एप्रिलमध्ये घरोघरी खिडकीबाहेरच्या स्टँडवर कूलर चढतो. बहुतेक वेळा ती हॉलची सगळ्यात मोठी, सगळ्यात उजेडाची खिडकी असते. म्हणजे तुम्ही जानेवारीत त्या उजेडाच्या भरवशावर लावलेली खोली मे महिन्यात अंधारी होते, आणि वाऱ्याच्या झोतात दिवाण आलाच पाहिजे म्हणून सामानही सरकतं. प्रत्येक हॉलचा आराखडा दोनदा करा, एक कूलरसह आणि एक कूलरशिवाय. गिऱ्हाइकाला दोन्ही द्या. कूलरच्या दमट हवेने कागदी कंदील लोंबतात, स्वस्त प्लायचे ड्रॉवर फुगून अडकतात, कापडाला वास धरतो, तेव्हा झोताच्या वाटेत पितळ, माती, धुता येईल असं सुती कापड एवढंच ठेवा. पश्चिमेच्या खिडकीला अस्तराचा पडदा लावा. गडद रंगाचं कापड तिथे एका उन्हाळ्यात विटतं. बाल्कनीतल्या झाडांना हिरवी जाळी बांधायचा खर्च आधीच हिशेबात धरा.

शूटिंगचंही वेळापत्रक उन्हावरच बसवा. हिवाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतून दिवसभर छान तिरपा उजेड येतो, तेव्हा जमेल तेवढं शूट करून साठवा. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत उरका. आवाज रेकॉर्ड करताना कूलर बंदच हवा, नाहीतर कॉलर माइक लावूनही घरघरीखाली शब्द बुडतात. घरच्यांना तेवढी दहा मिनिटं आधी मागून घ्या, भर दुपारी अचानक बटण बंद करू नका.

साधा मोबाइल पुरतो. मागचा कॅमेरा वापरा, लेन्स पुसा, एक्स्पोजर लॉक करा (म्हणजे मध्येच उजेड कमी-जास्त होत नाही), उभी ९:१६ चौकट ठेवा. खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र आले की भिंतीचा रंग खोटा दिसतो, म्हणून दिवसा दिवे बंद. संध्याकाळी शूट करायचं तर सगळे बल्ब एकाच छटेचे घ्या. बसायच्या खोलीला २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर उजेड बरा. इन्स्टाग्रामवर बिझनेस अकाउंट असेल तर सिनेमाची बहुतेक गाणी वापरता येत नाहीत, व्यावसायिक वापराला मोकळं असलेलं संगीत निवडा. आणि बोला आपल्या घरच्या मराठीत. 'मॅडम, हा कॉर्नर एलेव्हेट करूया' यापेक्षा 'काकू, ही बंगई जरा खिडकीकडे घेऊन पाहू' हे बघणाऱ्याला आपलं वाटतं.

दुसऱ्याचं घर दाखवायचं तर लेखी होकार घ्या, व्हॉट्सअॅपवरचा चालेल. दारावरची पाटी, लहान मुलांचे फोटो, तिजोरीची आलमारी, खिडकीतून दिसणारी ओळखीची खूण हे चौकटीबाहेर ठेवा. देवघराचं वेगळं विचारा. आपल्याकडे महालक्ष्म्यांच्या (गौरींच्या) आधी घर लावून घ्यायला बोलावणारे भेटतील. तिथे मखर कुठे, कुठल्या भागात कोणी पाय ठेवायचा, हे घरातली मोठी बाई सांगेल तसं. तुमची चौकट तिच्या कुलाचारापुढे नाही. हे काम आवडत असेल तर पोळ्याच्या आधीच तारखा देऊन टाका, कारण तिथून दिवाळीपर्यंत मोकळा दिवस मिळत नाही.

बाजाराची वही करा. गांधीबागेत कापडाचे ठोक भाव, इतवारीत भांडी, बर्डीच्या फूल बाजारात सकाळचे झेंडू-शेवंतीचे दर, चितार ओळीत मातीचं काम करणारी माणसं. प्रत्येकापुढे भाव, कमीत कमी किती घ्यावं लागतं आणि माल परत घेतो का, हे लिहा. भंडाऱ्याचं टसर, भद्रावतीची मातीची भांडी, गडचिरोलीचं बांबूकाम इतक्या जवळ असताना ऑनलाइन मागवलेल्या प्लास्टिकच्या पंपास गवताच्या तुऱ्यांनी खोल्या भरणं मला मनापासून खटकतं. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या शिल्पमेळ्यात कारागीर स्वतः येतात, त्यांचे नंबर घ्या, आणि रीलमध्ये त्यांचं गाव आणि नाव सांगा.

पैशाचं बोलणं पहिल्या भेटीतच करा. खोलीप्रमाणे दर, खरेदीला सोबत येण्याचे वेगळे पैसे, अर्धी रक्कम आधी. दुकानदाराकडून कमिशन घेत असाल तर गिऱ्हाइकाला सांगा. छोट्या व्यवसायाची उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी लागतो. ब्रँडने वस्तू किंवा पैसे दिले असतील तर पोस्टमध्ये ते ठळक लिहायलाच हवं. ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. कंपनीकडून वर्षभरात २० हजारांहून जास्त किमतीच्या वस्तू आल्या आणि तुम्ही ठेवून घेतल्या, तर १ जुलै २०२२ पासूनच्या नियमाने त्यावर १० टक्के टीडीएस (देणाऱ्याने आधीच कापायचा कर) लागतो. फुकट आलेल्या गालिच्याचीही नोंद ठेवा.

पहिल्या गिऱ्हाइकाकडे जाण्याच्या आदल्या दिवशी फोन करा. घर भाड्याचं की स्वतःचं, कूलर कुठल्या खिडकीत, दुपारी कोणी झोपतं का, कुत्रं आहे का, लिफ्ट आहे का, हे विचारून घ्या. दिवाण किंवा आलमारी हलवायला माणूस लागणार असेल तर त्याची मजुरी कोण देणार, तेही त्याच फोनवर ठरवा.