वर्गात नाटक करायचंय? आधी ते थांबवायला शिका

तास पस्तीस मिनिटांचा, पट बेचाळीसचा आणि बाकं सरकवायलासुद्धा जागा नाही. माझ्या वर्गाची हीच तऱ्हा आहे, तेव्हा ही सबब सांगू नका.

धडा निवडताना एकच बघा: त्यात कुणाचं कुणाशी वाजलंय का? पोरांना पुठ्ठ्याची पानं बांधून "मी हरितद्रव्य, मी सूर्यप्रकाश" म्हणायला लावतात, ते नाटक नव्हे, झगा घातलेलं पाठांतर आहे. त्यापेक्षा शेकडेवारीला हळदीचा सौदा घ्या. शेतकरी, अडत्या आणि मध्ये हिशोबाची पट्टी. हमाली-तोलाईचे कापलेले पैसे बरोबर की चूक, यावर भांडण आपोआप लागतं आणि ते मिटवायला गणित करावंच लागतं.

संवाद लिहून देऊ नका. संवाद स्नेहसंमेलनाला. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हाही सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं आपापलं गद्य ऐनवेळी बोलायची. नाटकाची सुरुवातच जिथं अशी झाली, तिथल्या मास्तरांनी चार-चार पानं लिहून पाठ करून घेत बसावं, हे मला पटत नाही. चिठ्ठ्या द्या. एका चिठ्ठीत दोन ओळी: तू कोण आणि तुला काय हवंय.

आठवीला प्रतिसरकारचा धडा आहे, म्हणजे बेचाळीसच्या चळवळीनंतर सातारा भागात क्रांतिकारकांनी इंग्रजांना न जुमानता चालवलेलं लोकांचं सरकार. त्याला माझ्या चिठ्ठ्या अशा असतात. 'तू सावकार. खरेदीखत तुझ्या नावावर आहे.' 'तू शेतकरी. बापाचं कर्ज फिटलंय, पण पावती नाही.' तिघं त्या सरकारच्या न्यायदान मंडळाचे पंच. उरलेला वर्ग म्हणजे गाव. खिडकीकडची बाकं शेतकऱ्याच्या भावकीची, दाराकडची पोलिसांना भिणाऱ्यांची. नुसता प्रेक्षक कुणी नाही. बुजऱ्या पोराला कारकून करा, साक्षी लिहून घेईल. माझ्याकडची सगळ्यांत खमकी पंच ही आधी तीनदा कारकून झालेली मुलगी होती.

आता खरी मेख. नाटक सुरू करणं कुणालाही जमतं. थांबवणं मला दोन वर्षं जमलं नाही.

पहिल्यांदा मी ते चालू दिलं. साक्षी झकास झाल्या, मी भिंतीला टेकून खूश. तेवढ्यात मागून एकजण ओरडला, "पत्री मारा की!" आमच्या भागात हे शब्द घरातूनच आलेले असतात. प्रतिसरकारचे पुढारी नाना पाटील, त्यांचं येडेमच्छिंद्र वाळव्यातलं, कुणाचा पणजोबा त्या सरकारच्या दलात, तुफान सेनेत होता. तळपायांवर काठ्या मारायची ती शिक्षा, तिच्यावरून लोक त्या सरकारलाच पत्री सरकार म्हणत. पाचजण पट्ट्या घेऊन सावकारावर तुटून पडले. तो बाकाखाली शिरून रडला, मुख्याध्यापक दारात. त्या पोराला वर्षभर सगळे 'सावकार' म्हणत राहिले, ते मला अजून खातं. आणि चाचणीत? सगळ्यांनी पत्रीवर रकानेच्या रकाने भरले. इंग्रजांचं कोर्ट असताना लोक या पंचांकडे का गेले, हे एकानंही लिहिलं नाही.

दुसऱ्या वर्षी मी गोंगाट वाढला की थांबवायचो. तेही चुकीचं. गोंगाट वाढला म्हणजे वेळ टळून गेलेली असते. थांबवायची जागा एकच: दोन्ही बाजूंचं एकेकदा बोलून झालंय आणि पंच निकालासाठी तोंड उघडतोय. तिथं घंटा. मी स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवतो. वाजला की जो जिथं आहे तिथंच, हात वर असेल तर वरच, तोंड बंद. याचा सराव नाटकाआधी तीनदा घ्या, नुसतं वर्गात चालायला लावून. हा सराव गाळणाऱ्यांनी पुढचं वाचूच नये.

मग प्रश्न, आणि तेही विद्यार्थ्याला नव्हे, पात्राला. 'अहो-जाहो' करून.

"सावकार, कागद तुमच्याकडे आहे, मग सरकारी कोर्टात का नाही गेलात?"

"पंच, तुम्हाला नेमलं कुणी?"

"लोकांनी."

"तसा काही कागद?"

"...नाही."

या 'नाही'नंतर वर्ग गप्प होतो. त्या शांततेत तुम्ही बोलू नका. 'छान, शाब्बास' तर अजिबात नको. मनात दहापर्यंत मोजा आणि म्हणा, "पुस्तक उघडा." धडा आधी शिकवून मग नाटक, असा सल्ला प्रशिक्षणात मिळतो, मी तो पाळत नाही. पोरांना पंचांची बाजू सावरायची असते, म्हणून ती १९४२ चे मोर्चे, गोळीबार, भूमिगत झालेले कार्यकर्ते हे सगळं स्वतः शोधतात. एरवी तीच पानं ती जांभया देत वाचतात. तीन प्रश्न पुरे. चौथ्याला ती पात्रातून बाहेर येऊन तुमच्या मनातलं उत्तर हुडकायला लागतात.

पुन्हा घंटा, निकाल, कारणासकट. शिक्षा तोंडी सांगायची, कुणी कुणाला हात लावायचा नाही.

शेवटी चिठ्ठी खोक्यात टाकताना प्रत्येकानं स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायचं. सावकारानं सगळ्यांत आधी, आणि वर्गानं त्याला त्या नावानं एकदा हाक मारायची. मग आपल्या पात्राकडून पाच ओळींचं पत्र, गृहपाठाला.

बाकं सरळ करायला तीन मिनिटं राखून ठेवा. आणि शेजारच्या वर्गावरच्या मॅडमना आदल्या दिवशीच सांगा, आवाज होणार आहे म्हणून.