नव्या शिक्षकांसाठी: फुकटची साधनं आणि पेनड्राइव्हमधली प्रश्नपेढी

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून नेमणूक झाली, शाळा मिळाली, रुजू झालात, की पहिल्याच शिक्षण परिषदेत कुणीतरी तुम्हाला चार-सहा व्हॉट्सॲप ग्रुपांत घालतं. मग सुरू होतो लिंकांचा मारा. हे ॲप, ती वेबसाइट, अमुक सरांचं चॅनेल, सबस्क्राइब करा. त्यातल्या निम्म्या लिंका उघडूच नका. तंत्रस्नेही म्हणून सत्कार झालेला प्रत्येक माणूस वर्गात तंत्र वापरतोच असं नाही. आमच्या केंद्रात सगळ्यात कामाचं मला एका बाईंनी शिकवलं. त्यांचं चॅनेल नाही, आणि सत्कारही कधी झालेला नाही.

मी जिंतूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवतो. एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर, आणि येलदरी धरणाच्या अंगाला आभाळ आलं की गायब होणारं नेटवर्क. त्यामुळे कुठलंही साधन फुकट आहे का, हे मी दुसऱ्यांदा विचारतो. पहिला प्रश्न असतो, तास चालू असताना नेट गेलं तर हे चालेल का.

पण साधनांच्या आधी एक गोष्ट. मी तिच्यात पुरता अडकलो होतो आणि नवीन माणूस हमखास अडकतो, म्हणून जरा लांबण लावतो.

रुजू झालात की एखादे ज्येष्ठ सर मोठ्या मायेने पेनड्राइव्ह देतात. त्यात सगळ्या इयत्तांची प्रश्नपेढी असते, तालुक्याच्या डीटीपी सेंटरवर वर्षानुवर्षं टाइप करून घेतलेली. आता घटक चाचणीची काळजी मिटली असं वाटतं. मग त्यातला एक प्रश्न कॉपी करून गुगल फॉर्ममध्ये टाकता आणि ‘भारत’ या शब्दाच्या जागी एच, के, के, जे, आर अशी इंग्रजी अक्षरं येऊन बसतात. मोबाइलवर पाठवलं तरी तेच. मी सेंटरवाल्याकडे गेलो तर तो म्हणाला, “सर, फॉन्ट आमच्यापाशीच असतोय. तुम्ही फाईल नेऊन काय करताव? प्रिंट न्या की.”

त्याचं चूक नव्हतं. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात संगणकाला मराठी ठाऊकच नसतं. तुम्ही टाइप केलेला ‘भारत’ त्याच्या लेखी ती पाच इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठीचं सोंग देतो. दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की सोंग उतरतं. युनिकोडमध्ये तसं नाही. तिथे भ ला स्वतःचा क्रमांक आहे, त ला स्वतःचा, आणि तो जगातल्या कुठल्याही फोनवर तोच राहतो. शोधणं, फॉर्ममधले आपोआप गुण, अंध मुलासाठी मोठ्याने वाचून दाखवणं, भाषांतर, सगळं त्या क्रमांकांवर चालतं. जुन्या फॉन्टातला मजकूर छापायला कामाचा, बाकी कशालाच नाही. परीक्षा सोपी आहे: दोन ओळी कॉपी करून स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा. मराठी दिसलं तर युनिकोड.

“कन्व्हर्टर आहेत की फुकटचे ऑनलाइन,” असं लगेच कुणीतरी सांगेल. आहेत, आणि भाषेच्या उताऱ्याला ते बरे चालतात. ऱ्हस्व वेलांटी नि रफार कुठे चुकीच्या अक्षरावर जाऊन बसतात, ‘दुसऱ्या’सारख्या शब्दांवर नजर ठेवावी लागते, एवढंच. खरी गंमत गणितात आहे. कृतिदेवमध्ये बरोबरच्या चिन्हाची कळ दाबली की ‘त्र’ उमटतो. म्हणून टायपिस्ट मराठी वाक्य कृतिदेवमध्ये टाइप करतो आणि समीकरणापुरता इंग्रजी फॉन्ट घेतो. कन्व्हर्टरच्या खिडकीत फॉन्टचा भेद उरत नाही, तिथे सगळं एकाच मापाने बदलतं. मग ‘क्ष अधिक तीन बरोबर आठ’ यातल्या बरोबरच्या जागी ‘त्र’ येतो. पानभर समीकरणं असली की पानभर त्र. आणि हे प्रूफ वाचताना चटकन दिसत नाही, कारण डोळा वाक्यं वाचत सुटतो नि समीकरण गृहीत धरतो.

त्याला उपाय दोन. समीकरणं आधी बाजूला काढा आणि नुसता मराठी मजकूर बदलून घ्या. किंवा त्या बाईंनी सांगितलेलं करा: छापील पानाचा सरळ, उजेडातला फोटो काढा, गुगल ड्राइव्हवर चढवा, संगणकावर त्या फोटोवर उजवी कळ दाबून ‘ओपन विथ’मधून गुगल डॉक्स निवडा. फोटोखाली मजकूर युनिकोडमध्ये येतो. इथे फॉन्ट कुठला हा प्रश्नच उरत नाही, कारण ते आकार बघून वाचतं. छापील मराठी चांगलं वाचतं. हस्ताक्षर, अपूर्णांक आणि तक्ते यांचा मात्र चुराडा करतं, ते हाताने टाइप करा.

आणि खरं सांगू का, सगळी पेढी बदलत बसूच नका. पुस्तकं बदलली, निम्मे प्रश्न तसेही बाद आहेत. चांगले निवडा, बाकी पेनड्राइव्ह सरांना आदराने परत करा. रेडीमेड पेपरांबद्दल माझं मत वाईट आहे, तेही सांगून टाकतो. ग्रुपवरून उतरवलेल्या पेपरात आपल्या वर्गातलं पोरगं कुठे अडतं ते दिसत नाही.

टायपिंगची धास्ती घेऊ नका. एमएससीआयटी करूनही मराठी टाइप न येणारे खूप आहेत, तुम्ही एकटे नाही. विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड २०१९ पासून फुकट आहे, सेटिंगमध्ये जाऊन मराठी भाषा जोडा, विंडोज की आणि स्पेस दाबून भाषा बदला. मोबाइलवर जीबोर्डचा माइक दाबून बोललात तर तो मराठी बऱ्यापैकी लिहितो. आपलं ‘लई’ नि ‘कामून’ त्याच्या पचनी पडत नाही, प्रमाण बोला. निर्मला, मंगल, कोकिळा हे विंडोजमधले फॉन्ट युनिकोड आहेत. ‘मुक्त’ आणि ‘नोटो’ नावाचे फॉन्ट फुकट उतरवता येतात.

आता साधनं.

गुगल फॉर्मची क्विझ चाचणीला उत्तम, पण छोट्या उत्तराचा प्रश्न टाकताना जपा. तो उत्तर अक्षर अन् अक्षर जुळवतो. तुम्ही उत्तर ‘१२’ ठेवलं आणि पोराने इंग्रजी अंकात बारा लिहिलं, तर शून्य गुण. पोरगं घरी जाऊन सांगतं, सरांचा मोबाइल चुकतो. दोन्ही अंकांतलं उत्तर बरोबर म्हणून नोंदवा किंवा सरळ पर्यायी प्रश्न ठेवा. आणि फॉर्म घरी करायला देऊ नका. दिवाळीनंतर तांड्यावरचे आईबाप ऊसतोडीला जातात तेव्हा घरातला एकुलता एक स्मार्टफोनही त्यांच्यासोबत जातो. मागे आजीपाशी राहिलेल्या पोराला तुम्ही गैरहजर मांडाल. शाळेतल्या लॅपटॉपवर आळीपाळीने घ्या, वेळ लागतो, लागू द्या.

फेट हे माझं लाडकं. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठाचा हा प्रकल्प २००२ मध्ये नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी सुरू केला. विद्युत मंडल, अपूर्णांक, घनता, सगळं पडद्यावर हाताने हलवून बघता येतं आणि बऱ्याच सिम्युलेशनची, म्हणजे पडद्यावरच्या या प्रयोगांची, मराठी आवृत्तीही आहे. महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक सिम्युलेशन एक फाईल म्हणून उतरवता येतं आणि ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडतं. सातवीच्या वर्गात वायर जोडून बल्ब पेटवला, मग एकीने मुद्दाम बल्ब काढून नुसती वायर जोडली, तर बॅटरीला आग लागली. वर्गात एकच कल्ला. शॉर्ट सर्किट त्यानंतर मला शिकवावं लागलं नाही.

जिओजेब्राही इन्स्टॉल करून नेटशिवाय चालतं, भूमितीला घ्या. स्टोरीवीव्हर ही प्रथम बुक्सची २०१५ मध्ये सुरू झालेली साइट, मराठी गोष्टी पातळीनुसार, उतरवून छापायलाही मुभा. गोष्टी खालच्या वर्गांना जास्त कामाच्या, पण आठवीतलं अडखळत वाचणारं पोरगंही पहिल्या पातळीपासून सुरू करायला लाजत नाही, फक्त पातळीचा आकडा झाका. बालभारतीच्या पुस्तकांचे पीडीएफ आणि दीक्षा ॲप तुम्हाला माहीतच असेल. पुस्तकातले क्यूआर कोड वर्गात स्कॅन करत बसू नका, आदल्या रात्री घटक उतरवून ठेवा. अरविंद गुप्तांच्या साइटवर टाकाऊतून खेळणी आणि मराठी पुस्तकं आहेत, तिथे एक रविवार मोडला तरी वाया जात नाही. कॅनव्हा शाळेच्या शिक्षकांना पडताळणीनंतर फुकट मिळतं. मला त्याचं फार कौतुक नाही. फलक सुंदर होतात, पण त्यात संध्याकाळ जाते.

एआयकडून प्रश्न काढून घेताय? घ्या. पण गणिताचं प्रत्येक उदाहरण स्वतः वहीत सोडवून बघा. चुकलेलं उत्तरही तो अगदी ठासून सांगतो. आणि मुलांची नावं, आधार क्रमांक, पालकांचे मोबाइल नंबर कुठल्याही फुकटच्या ॲपमध्ये भरू नका, मग ग्रुपवर कुणीही भरायला सांगो. हजेरी क्रमांकावर काम भागतं.

शेवटी पेपर छापायचा तो झेरॉक्सच्या दुकानातच. वर्डची फाईल नेऊ नका, पीडीएफ करून न्या, म्हणजे फॉन्ट सोबत जातो आणि दुकानातल्या जुन्या संगणकावर काना-मात्रा सरकत नाहीत. आणि चाचणीच्या आदल्या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी अख्ख्या तालुक्यातले मास्तर त्याच दुकानावर असतात.