मंगळाचे कक्षेतून घेतलेले फोटो वाचताना या चुका टाळा

मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांचे फोटो आज कुणालाही मोफत उतरवून घेता येतात. मार्स रेकनिसन्स ऑर्बिटरवरच्या हायराइज कॅमेऱ्याचा एक पिक्सेल जमिनीवर 25 ते 30 सेंटिमीटरचा असतो, म्हणजे मीटरभर रुंदीचा धोंडा ओळखू येतो. फोटो एवढा स्वच्छ असला की त्यातला प्रत्येक उजळ-काळा डाग खडकाचाच वाटू लागतो. प्रत्यक्षात तो डाग बऱ्याचदा उन्हाचा, धुळीचा किंवा संगणकाने ताणलेल्या कॉन्ट्रास्टचा असतो. म्हणून आधी फोटोसोबतचे लेबल वाचा आणि मग फोटो पाहा.

ऊन कुठून येतेय ते न पाहणे

सर्वांत जास्त फसगत इथेच होते. प्रकाश वरून येतो असे आपला डोळा गृहीत धरतो, त्यामुळे खालून उजेड असलेल्या फोटोत विवर घुमटासारखे दिसते आणि टेकडी खड्ड्यासारखी. मार्स रेकनिसन्स ऑर्बिटर दिवसाच्या बाजूवरून स्थानिक वेळेनुसार दुपारी तीनच्या सुमारास जाते. त्यामुळे नकाशावर बसवलेल्या, उत्तर वर असलेल्या फोटोत ऊन साधारण डावीकडून, पश्चिमेकडून येते. कच्च्या फोटोत मात्र उत्तर कुठेही असू शकते.

शंका आली की त्याच फोटोत वाटीसारखे एखादे ताजे, छोटे विवर शोधा. ऊन डावीकडून असेल तर त्याची डावी आतली भिंत काळी आणि उजवी उजळ दिसेल. टेकडीचे याच्या उलट. तरीही डोळा ऐकत नसेल तर प्रकाश वर डावीकडून पडेल असा फोटो फिरवा.

हायराइजच्या लेबलवरचा सूर्याचा दिगंश, म्हणजे सूर्याची दिशा सांगणारा कोन, आणखी एका प्रकारे चकवतो. तो होकायंत्रासारखा उत्तरेपासून मोजलेला नसतो. फोटोच्या मध्यापासून उजव्या कडेकडे रेषा काढून तिथून घड्याळाच्या दिशेने मोजतात. म्हणजे उत्तर वर असलेल्या फोटोत 180 अंश म्हणजे पश्चिम, दक्षिण नव्हे. होकायंत्राचा आकडा हवा असेल तर त्यात 90 मिळवा आणि बेरीज 360 च्या वर गेली तर 360 वजा करा.

उजेड बरोबर वाचला तरी ‘नदीचे पात्र म्हणजे खोलगट भाग’ हे गृहीत मंगळावर चालत नाही. विषुववृत्ताजवळच्या मेरिडियानी परिसरात नागमोडी कंगोरे दिसतात, त्यांतले अनेक जुनी पात्रेच आहेत. पात्रातला गाळ सिमेंटसारखा घट्ट झाला, आजूबाजूचा मऊ थर वाऱ्याने झिजला आणि तळ वर उरला. अशा जागी उंचीचा पुरावा लागतोच. मोला या लेसर उंचीमापकाचा जाळीदार नकाशा विषुववृत्तावर सुमारे 463 मीटरला एक पिक्सेल देतो, त्यात 50 मीटर रुंदीचा कंगोरा दिसणारच नाही. त्यासाठी त्याच यानावरच्या सीटीएक्स कॅमेऱ्याची स्टिरिओ जोडी (एकाच जागेचे दोन कोनांतून घेतलेले फोटो) किंवा हायराइजचे मीटरभर बारकाव्याचे भूरूप प्रतिमान, म्हणजे उंचीचा डिजिटल नकाशा, वापरा.

ते नसेल तर सावली मोजा. उंची म्हणजे सावलीची लांबी गुणिले सूर्याच्या क्षितिजावरच्या कोनाचा टॅन्जंट. लेबलवर आपात कोन (सूर्यकिरण आणि जमिनीवरचा लंब यांतला कोन) 55 अंश असेल तर सूर्य क्षितिजापासून 35 अंशांवर आहे. 25 सेंटिमीटरच्या 10 पिक्सेलची सावली म्हणजे 2.5 मीटर, तिला 0.70 ने गुणले की धोंडा 1.75 मीटर उंच. जमीन सपाट असेल तरच हा हिशेब लागू होतो. सावली उतारावर पडली असेल तर आकडा सोडून द्या.

मंगळाच्या सिडोनिया भागातला, माणसाच्या तोंडासारखा दिसणारा प्रसिद्ध ‘चेहरा’ही उन्हाचाच खेळ होता. व्हायकिंग 1 यानाने 25 जुलै 1976 रोजी तो टिपला तेव्हा सूर्य क्षितिजाजवळ होता. 2001 मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेयरने जास्त बारकाव्याने घेतलेल्या फोटोत तिथे झिजलेली सपाट माथ्याची टेकडी दिसली.

उजळपणावरून खडक ठरवणे

प्रत्येक फोटोचा कॉन्ट्रास्ट स्वतंत्रपणे ताणलेला असतो. दोन फोटोंतला राखाडी रंग शेजारी ठेवून ‘हा खडक तोच’ म्हणू नका. अनेक फोटो जोडून केलेल्या सलग मोझॅकमध्ये हा धोका वाढतो, कारण शेजारचे दोन पट्टे वेगवेगळ्या ऋतूंतले असू शकतात आणि जोडाची सरळ रेषा थरांची सीमा वाटू शकते. वावटळींच्या मागे उरलेल्या काळ्या वळणदार रेघा, हिवाळ्यातला कार्बन डायऑक्साइडचा बर्फ आणि धूलिवादळानंतरचा पातळ थर हे सगळे खडकाच्या वर असते. म्हणून लेबलवर सूर्याचा ऋतुकोन (मंगळावरचा ऋतू सांगणारा, 0 ते 360 अंशांचा कोन) पाहा: 0 म्हणजे उत्तर गोलार्धातला वसंत संपात, आणि साधारण 180 ते 330 हा धूलिवादळांचा काळ. त्याच जागेचा दुसऱ्या ऋतूतला फोटो लावून पाहिल्यावर जे टिकून राहते त्यालाच भूशास्त्रीय सीमा माना.

मार्स ओडिसी यानावरच्या थेमिस कॅमेऱ्याचा रात्रीचा अवरक्त (उष्णता टिपणारा) फोटो इथे फार कामाचा आहे. कातळ दिवसाची उष्णता धरून ठेवतो म्हणून रात्री उजळ दिसतो, बारीक धूळ लवकर थंड होऊन काळी पडते. पिक्सेल 100 मीटरचा असल्याने लहान उघडा कातळ त्यात हरवतो, एवढे लक्षात ठेवा.

रंगाबद्दल थोडक्यात. हायराइजच्या नेहमीच्या रंगीत फोटोत अवरक्त लाल म्हणून, लाल हिरवा म्हणून आणि निळा-हिरवा निळा म्हणून दाखवतात. निळा दिसणारा भाग पाणी नसतो, बहुधा धूळ उडून गेलेली बेसाल्टची वाळू असते. शिवाय रंग फक्त मधल्या पट्टीत मिळतो (2023 पर्यंतच्या फोटोंत ती सुमारे 1.2 किलोमीटरची आहे, त्यानंतर ती अरुंद झाली), पूर्ण फोटो सुमारे 6 किलोमीटर रुंद असतो.

एका पिक्सेलवर खनिज घोषित करणे

क्रिझम हा त्याच यानावरचा वर्णपटमापक, म्हणजे परावर्तित प्रकाशाची तरंगलांबीनुसार विभागणी करून खनिजे ओळखणारे उपकरण. त्याच्या माहितीत 1.9 आणि 2.1 मायक्रॉन तरंगलांबीला प्रकाश कमी झाल्याच्या खाचा पर्क्लोरेट या क्लोरीनयुक्त क्षारासारख्या वाटतात. 2018 मध्ये दाखवण्यात आले की उजळ-गडद सीमेजवळच्या तुरळक पिक्सेलमध्ये अशा खाचा माहितीवरच्या प्रक्रियेतूनच तयार होतात. लागून असलेल्या अनेक पिक्सेलची सरासरी घ्या, तिला फोटोच्या त्याच उभ्या स्तंभातल्या निरस (खनिजाची खूण नसलेल्या) भागाच्या वर्णपटाने भागा आणि त्याच जागेच्या दुसऱ्या निरीक्षणात खाच दिसते का ते तपासा. खाच भूरूपाच्या आकाराला धरून दिसली, तरच ती खनिजाची म्हणता येते.

उतारांवरच्या ऋतुमानानुसार वाढणाऱ्या काळ्या रेघांनीही असाच धडा दिला. 2011 मध्ये त्यांची नोंद झाली तेव्हा खारे पाणी सुचवले गेले. 2017 मध्ये उतार मोजल्यावर दिसले की कोरडी वाळू जिथे थांबते तशाच, सुमारे 28 अंशांच्या उतारावर त्या संपतात.

विवरे मोजून वय काढताना

जितकी जास्त विवरे तितकी जमीन जुनी, असा हा हिशेब असतो. पण सर्व विवरे अंतराळातून थेट आलेल्या उल्कांची नसतात. झुनिल या जेमतेम 10 किलोमीटरच्या विवरातून उडालेल्या दगडांनी सुमारे 1 कोटी दुय्यम विवरे पाडली असा अंदाज आहे. ती मोजली तर जमीन आहे त्यापेक्षा म्हातारी ठरते. झुबके, रांगा आणि उथळ लांबट आकार दिसले की ती वगळा. कामापुरता नियम म्हणून 10 पिक्सेलपेक्षा लहान विवर मोजू नका. सीटीएक्सच्या 6 मीटरच्या पिक्सेलमध्ये ही मर्यादा 60 मीटर येते.

प्रत्येक गोल खड्डा आघाताचा असतो असेही नाही. अर्सिया मॉन्स या ज्वालामुखीच्या उतारांवर लाव्हाच्या पोकळ्या कोसळून पडलेले खड्डे आहेत, त्यांना उंचावलेला कठडा नसतो. आपल्या बुलढाण्यातल्या लोणारचा उगमही वर्षानुवर्षे ज्वालामुखीचा मानला जात होता, बेसाल्टमध्ये आघाताने बनलेली काच सापडल्यावर वाद मिटला. कठडा, बाहेर फेकलेला दगडगोटा आणि तळाचा आकार हे तिन्ही पाहिल्याशिवाय नाव देऊ नका.

जागा चुकणे

जुन्या नकाशांत रेखांश पश्चिमेकडे मोजलेले असतात, आता ते पूर्वेकडे मोजतात. जेझेरो विवर 77.5 पूर्व म्हणजेच 282.5 पश्चिम. अक्षांशही दोन तऱ्हांचे आहेत: ग्रहाच्या केंद्रापासून मोजलेला आणि पृष्ठभागाच्या लंबावरून मोजलेला. मंगळ ध्रुवांकडे चपटा असल्याने 45 अंशांजवळ हा फरक 0.34 अंश, म्हणजे सुमारे 20 किलोमीटर होतो. जेझेरोच्या 18.4 अंशांवर तो 12 किलोमीटरच्या आसपास असतो, आणि हायराइजच्या 6 किलोमीटरच्या पट्टीतून जागा निसटायला एवढा पुरतो. दोन थर एकमेकांवर बसत नसतील तर फोटो सरकवण्याआधी दोन्ही फाइल्समधली अक्षांशाची पद्धत तपासा.