बेसवरचा धावक: पाय सुटण्याआधी निर्णय

सॉफ्टबॉल खेळून बेसबॉलकडे आलेली मुलं वेगात कमी पडत नाहीत, जुनी सवय त्यांच्या आड येते. तिथे पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत बेस सोडता येत नाही. इथे लीड घेता येते, म्हणजे चेंडू सुटण्याआधीच बेसपासून काही पावलं पुढे सरकून उभं राहता येतं, आणि दोन बेसमधलं अंतर 60 ऐवजी 90 फूट आहे. म्हणून ही मुलं एकतर बेसला चिकटून राहतात, नाहीतर बॅटचा आवाज आला की सरळ पळत सुटतात.

पिचरने चेंडू टाकण्याआधी दर वेळी धावकाकडून मोठ्याने म्हणवून घ्या: आऊट किती, मागचा बेस भरलाय का, आउटफिल्डर (मैदानाच्या मागच्या भागातले फिल्डर) किती खोल उभे आहेत. हे पाठ झालं की निम्मं काम झालं.

सगळ्यात जास्त घोळ दुसऱ्या बेसवर होतो. पहिला बेस रिकामा, दोनपेक्षा कमी आऊट आणि ग्राउंडर (जमिनीलगत जाणारा चेंडू) शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फिल्डर), म्हणजे धावकाच्या समोर गेला, तर थांबायचं. तिसऱ्या बेसवर थ्रो जवळचा पडतो. तोच चेंडू त्याच्या पाठीमागे, उजव्या बाजूला गेला तर लगेच निघायचं. सपाट लाइन ड्राइव्हवर (हवेतून सरळ जोरात जाणाऱ्या फटक्यावर) जागेवर थबकायचं, झेल घेतला गेला तर परतायला वेळ उरत नाही. दोन आऊट असतील तर हे सगळं बाजूला: बॅटला लागला की पळा.

तिसऱ्या बेसवरून उंच फ्लायवर टॅग अप करताना, म्हणजे झेलाच्या वेळी बेसला पाय टेकवून मग पुढे पळताना, मुलं झेल पक्का होईपर्यंत वाट पाहतात. नियमाने फिल्डरचा पहिला स्पर्श झाला की सुटता येतं. तिथली लीड फाउल रेषेच्या बाहेर घ्यावी, कारण आतल्या बाजूला मारलेला चेंडू अंगाला लागला तर धावकच आऊट.

सराव छोटा ठेवा. चेंडू हाताने टाका, धावकाने तीनच पावलं टाकून थांबायचं आणि 'का?' याचं उत्तर द्यायचं. एप्रिल-मेच्या जळगावी उन्हात पूर्ण धावा काढून मुलं थकतात आणि विचार सुटतो. सकाळी सातच्या आत हे उरकावं. आपली काळी माती वाळली की दगडासारखी होते, कोपर-गुडघे सोलतात. स्लाइड (घसरत बेस गाठणं) आधी ओल्या ताडपत्रीवर शिकवा.

बाकावरून सगळे 'पय, पय' (पळ, पळ) ओरडतात, ते पहिल्या दिवसापासून बंद करा. चेंडू धावकाच्या पाठीमागे असताना त्याने फक्त तिसऱ्या बेसच्या कोचचे हात पाहायचे.