वॉवचं ॲड-ऑन बिघडलं? गेम काढून पुन्हा टाकायची गरज नाही

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट (वॉव) या ऑनलाइन गेममध्ये ॲड-ऑन, म्हणजे गेमला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, बिघडलं की कोणीतरी हमखास सांगतं, 'सगळं उडव आणि गेम पुन्हा टाक.' डिस्कवर १२८ जीबी जागा मागणारा हा गेम त्या एका वाक्यापायी रात्रभर उतरवत बसलेली मुलं मी कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत पाहिली आहेत. सकाळी गेम नवा कोरा असतो आणि बिघाड जसाच्या तसा. आमच्या ओळखीतल्या नाशिककर खेळाडूंचे असे फोन मलाच येतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

आधी एवढं डोक्यात बसवा की ॲड-ऑन दोन जागी राहतं. त्याचा प्रोग्राम 'इंटरफेस'च्या आतल्या 'ॲडऑन्स' फोल्डरमध्ये असतो. तुम्ही केलेली मांडणी, म्हणजे बार कुठे ठेवले, रंग कोणता निवडला, आवाज कुठला लावला, ते सगळं 'डब्ल्यूटीएफ' फोल्डरमध्ये. ॲड-ऑन काढून पुन्हा टाकलं की फक्त पहिली जागा बदलते. बिघाड दुसऱ्या जागी असेल तर दहा वेळा टाका, तो तिथेच राहणार.

टाकणं

ॲड-ऑन उतरवून देणारं कर्सफोर्जचं ॲप वापरत असाल तर ते सगळं आपोआप करतं, हा भाग सोडून द्या. झिप उतरवून हाताने टाकणाऱ्यांसाठी तीनच गोष्टी.

एक, गेमचा फोल्डर बरोबर निवडा. चालू आवृत्ती 'रिटेल'मध्ये, क्लासिकची, म्हणजे जुन्या रूपातल्या गेमची, प्रत्येक आवृत्ती तिच्या तिच्या फोल्डरमध्ये, आणि प्रत्येकाला आपला वेगळा 'इंटरफेस' आणि वेगळा 'डब्ल्यूटीएफ' असतो.

दोन, फोल्डरात फोल्डर होऊ देऊ नका. विंडोजला 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' म्हटलं की ते झिपच्या नावाचा एक जास्तीचा फोल्डर तयार करतं. गेम 'ॲडऑन्स'च्या आत एकच पायरी उतरून पाहतो. तिथे टीओसी, म्हणजे ॲड-ऑनची ओळख सांगणारी फाइल दिसली नाही की त्याच्या लेखी ते ॲड-ऑन नाहीच. शिवाय टीओसी फाइलचं नाव आणि तिच्या फोल्डरचं नाव तंतोतंत एक हवं, फार तर फाइलच्या नावाला गेमच्या आवृत्तीचं शेपूट चालतं. गिटहबवरून उतरवलेल्या फोल्डरच्या शेपटाला 'मेन' किंवा 'मास्टर' लागलेलं असतं, ते खोडा. डीबीएमसारख्या (मोठ्या शत्रूंच्या हल्ल्यांचे इशारे देणाऱ्या) मोठ्या ॲड-ऑनच्या झिपमध्ये अनेक फोल्डर निघतात. ते सगळे लागतात, नको वाटतो म्हणून एखादा फेकू नका.

तीन, गेम पूर्ण बंद करून मग चालू करा. आधीपासून असलेल्या ॲड-ऑनच्या बदललेल्या फाइली रीलोडने, म्हणजे गेम चालू असतानाच ॲड-ऑन पुन्हा वाचायला लावणाऱ्या आज्ञेने, उचलल्या जातात, नवा फोल्डर उचलला जाईलच असं नाही.

ॲड-ऑनमध्ये ईएक्सई फाइल कधीच नसते. लुआ, एक्सएमएल, टीओसी, फार तर चित्रं, फॉन्ट आणि आवाज. इन्स्टॉलर चालवायला सांगणारं काहीही आलं तर तिथल्या तिथे डिलीट करा. आणि ॲड-ऑनसाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. गेम बनवणाऱ्या ब्लिझर्डच्या २००९ पासूनच्या नियमानुसार ॲड-ऑन फुकटच द्यावं लागतं आणि त्याचा कोड कोणालाही वाचता येईल असा उघडा ठेवावा लागतो.

'आउट ऑफ डेट' दिसतं

टीओसी फाइलच्या वरच्या ओळींत 'इंटरफेस' शब्दापुढे एक आकडा असतो. गेमची आवृत्ती ११.२.५ असेल तर तो ११०२०५ हवा. जुना असला की ॲड-ऑन लाल दिसतं. यादीच्या वर जुनी ॲड-ऑन चालू करायची चौकट असते. ती टिचकवली म्हणजे गेम फक्त त्या आकड्याकडे काणाडोळा करतो, आतला कोड होता तसाच राहतो. नोटपॅडमध्ये आकडा बदलून 'मी अपडेट केलं' म्हणणाऱ्यांचंही तेच. छोट्या पॅचनंतर (गेमच्या अपडेटनंतर) एवढ्यावर भागतं, मोठ्या पॅचनंतर ॲड-ऑन लिहिणाऱ्याची वाट पाहावी लागते.

सेटिंगच्या फाइली

आता मुख्य भाग. इथेच लोकांचं खरं नुकसान होतं आणि सगळ्यात वाईट सल्लेही इथलेच.

'डब्ल्यूटीएफ'मध्ये 'अकाउंट', त्यात तुमच्या खात्याचा फोल्डर, त्यात 'सेव्हड व्हेरिएबल्स'. इथे प्रत्येक ॲड-ऑनच्या नावाची एक लुआ फाइल असते. पुढे सर्व्हरच्या आणि त्याच्या आत पात्राच्या फोल्डरमध्ये आणखी एक 'सेव्हड व्हेरिएबल्स' असतो, त्यात फक्त त्या पात्रापुरत्या सेटिंग.

या फाइली खेळताना लिहिल्या जात नाहीत. तुम्ही लॉगआउट करता, गेम नीट बंद करता किंवा रीलोड देता, तेव्हाच त्या लिहिल्या जातात. तासभर बसून बार मांडले आणि मध्येच लाइट गेली, तर तो तास गेला. पहिल्या वळवाच्या पावसात आपल्याकडे लाइट कशी येते-जाते ते सांगायला नको, आणि घरचा इन्व्हर्टर बहुधा पंखे-दिव्यांपुरताच असतो. त्यामुळे मांडणीत काही बदललं की चॅटमध्ये स्लॅश रीलोड टाका. ही सवय लागलीच पाहिजे.

लाइट नेमकी फाइल लिहिली जात असताना गेली तर प्रकरण जास्त वाईट. सिडकोतल्या एका मुलाच्या कॉम्प्युटरवर बटणांचे बार मांडणाऱ्या बार्टेंडर ॲड-ऑनची अशी फाइल मी नोटपॅडमध्ये उघडली होती. धडधाकट फाइल कशी दिसते ते सांगते: सुरुवातीला ॲड-ऑनच्या माहितीचं नाव, बरोबरचं चिन्ह आणि उघडणारा महिरपी कंस. मग चौकोनी कंसांतली नावं आणि त्यांच्या किमती, ओळीमागून ओळ. अगदी शेवटच्या ओळीवर एकटा बंद होणारा महिरपी कंस. त्याची फाइल एका शब्दाच्या मध्यावर तुटली होती. खाली काहीच नव्हतं, कंसही नाही. कधी कधी याहून फसवं चित्र दिसतं: फाइलचा आकार दोन-चारशे केबी आणि उघडावी तर पान कोरं. अशी फाइल गेमला वाचता येत नाही, म्हणून ॲड-ऑन अगदी पहिल्या दिवसासारखं, मूळ मांडणीत उघडतं. त्या मुलाने ॲड-ऑन काढून पुन्हा टाकलं होतं. त्याने काय होणार?

त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची, शेवटी 'बॅक' (.bak) लागलेली आणखी एक फाइल असते. गेम नवी फाइल लिहिताना आधीची या नावाने बाजूला ठेवतो. तुमची शाबूत मांडणी तिथे आहे. पण ती एकच पिढी मागची प्रत असते. पुढचं रीलोड किंवा लॉगआउट झालं की तुटकी फाइल 'बॅक' होते आणि चांगली कायमची पुसली जाते.

म्हणून हे नीट वाचा. गेममध्ये शिरलात आणि बार मूळ जागी गेलेले दिसले, तर रीलोड देऊ नका. लॉगआउट करू नका. गेम बंदही करू नका. ऑल्ट-टॅबने बाहेर या, 'सेव्हड व्हेरिएबल्स' उघडा आणि 'बॅक'वाली फाइल डेस्कटॉपवर कॉपी करा. पात्राच्या फोल्डरमधलीही करा. त्यानंतर खुशाल बाहेर पडा. 'रीलोड मारून बघ' हा सल्ला एरवी बरा असतो, पण या एका प्रसंगी तो तुमच्या मांडणीच्या मुळावर येतो. गिल्डमधलं, म्हणजे तुमच्या खेळाडूंच्या गटातलं, कोणी घाईने तसं म्हणालं तरी ऐकू नका.

गेम बंद केल्यावर टास्क मॅनेजरमध्ये तो खरंच गेलाय ना ते बघा. चालू गेमच्या पाठीमागे फाइल बदलली तर बंद होताना गेम आपल्याकडची माहिती तिच्यावर लिहितो आणि सगळी मेहनत वाया जाते. मग डेस्कटॉपवरची प्रत परत त्या फोल्डरमध्ये ठेवा, तुटकी लुआ फाइल काढा आणि प्रतीच्या नावातून 'बॅक' खोडा. विंडोज फाइलींची शेपटं (एक्स्टेन्शन) लपवतं, त्यामुळे एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन ती आधी दिसती करा. नाहीतर नाव बदललंय असं वाटेल आणि ते बदललेलं नसेल.

'बॅक'ही खराब निघाली तर त्या एका ॲड-ऑनच्या फाइली काढा आणि त्याची मांडणी नव्याने करा. फक्त त्या एकाच्या. 'डब्ल्यूटीएफ उडव' हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. त्यात सगळ्या ॲड-ऑनच्या, सगळ्या पात्रांच्या सेटिंग जातात, शिवाय ग्राफिक्स आणि चॅटच्या खिडक्यासुद्धा. फार तर फोल्डरचं नाव बदलून गेम चालवून बघा. बिघाड गेला तर तो 'डब्ल्यूटीएफ'मध्ये होता हे कळलं, आणि जुना फोल्डर हाताशी राहिला. ब्लिझर्डची स्वतःची सूचनाही 'कॅश', 'इंटरफेस' आणि 'डब्ल्यूटीएफ' यांची नावं बदलून पाहा अशीच आहे. 'कॅश' मात्र बिनधास्त डिलीट करा, गेम तो पुन्हा तयार करतो.

आठवड्यातून एकदा 'इंटरफेस' आणि 'डब्ल्यूटीएफ' या दोन फोल्डरांची झिप करून पेन ड्राइव्हवर टाका. गेमच्या मानाने आकार अगदी किरकोळ असतो. युरोपातल्या सर्व्हरवर खेळणाऱ्यांनी हे आणि अपडेट दोन्ही संध्याकाळीच उरकावं. तिथली रात्री आठची रेड (गटाने मिळून करायची मोठी लढाई) म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा. त्यांचं आठवड्याचं मेंटेनन्स बुधवारी असतं, म्हणजे पॅचही बुधवारीच येतो. गुरुवारी रेड असेल तर बुधवारी रात्री एकदा आत जाऊन सगळं उघडतंय का बघावंच.

दोषी कोण ते शोधणं

सेटिंग ठीक आहेत आणि तरी एरर येते, तर बगसॅक आणि बगग्रॅबर ही एरर पकडून दाखवणारी दोन्ही ॲड-ऑन टाका. बगग्रॅबरशिवाय बगसॅक चालत नाही. पहिली एरर वाचा, शेवटची नाही. पुढच्या बहुतेक पहिलीमुळे आलेल्या असतात. तिच्या पहिल्या ओळीत 'ॲडऑन्स'नंतर ज्या फोल्डरचं नाव येतं, संशय तिथून सुरू करायचा.

सुरू करायचा म्हणते, कारण त्या नावावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. एस-थ्रीसारख्या लायब्ररी, म्हणजे अनेकांना लागणारा तयार कोड, अनेक ॲड-ऑन स्वतःच्या पोटात घेऊन येतात. लिबस्टब नावाचा छोटा कोड त्यांतली सगळ्यात नवी प्रत निवडतो आणि मग सगळे तीच वापरतात. प्रत ज्याच्या फोल्डरमधली, त्याचं नाव एररमध्ये झळकतं. चुकीच्या पद्धतीने तिला हाक मारणारं ॲड-ऑन वेगळंच असू शकतं. ओळीत 'लिब्स' फोल्डर दिसला तर खालच्या ओळी वाचत जा आणि लायब्ररीबाहेरचं पहिलं नाव पकडा.

त्यानेही हाती लागलं नाही तर निम्मी ॲड-ऑन बंद करा. बिघाड राहिला तर चालू असलेल्यांत आहे, गेला तर बंद केलेल्यांत. त्या निम्म्याचे पुन्हा निम्मे. साठ ॲड-ऑन असली तरी सहा फेऱ्यांत उत्तर येतं. एकेक बंद करत बसणं म्हणजे संध्याकाळ घालवणं. फेरी करताना लायब्ररी आणि तिच्यावर अवलंबून असलेलं ॲड-ऑन एकाच गटात ठेवा, नाहीतर भलतंच बंद पडेल.

'ॲड-ऑनमुळे ही क्रिया रोखली' असा इशारा लढाईत आला तर तो वेगळा प्रकार आहे. २००६ च्या अखेरीस आलेल्या २.० पॅचपासून लढाई चालू असताना ॲड-ऑनला बटणं हलवता येत नाहीत, की तुमच्या वतीने मंत्र टाकता येत नाही. लढाई संपल्यावर रीलोड दिलं की बहुधा निस्तरतं. तोच इशारा रोज यायला लागला तर वरची निम्म्या-निम्म्याची पद्धत वापरा. आणि १२.० पासून लढाईतली बरीच माहिती ब्लिझर्डने ॲड-ऑनसाठी बंद केली आहे. त्या माहितीवर जगणारं तुमचं आवडतं ॲड-ऑन रिटेलमध्ये बंद पडलं असेल तर त्यात तुमच्या कॉम्प्युटरचा दोष नाही आणि कुठलीही फाइल बदलून ते उठणार नाही. गेमच्या स्वतःच्या 'एडिट मोड'मध्ये २०२२ पासून बार आणि खिडक्या बऱ्यापैकी हलवता येतात, आधी ते वापरून बघा.

एवढं करूनही अडलं आणि कोणाला विचारायचं झालं, तर 'चालत नाहीये' एवढंच पाठवू नका. रिटेल की क्लासिक, गेमची आवृत्ती, ॲड-ऑनची आवृत्ती आणि बगसॅकमधली पहिली एरर पूर्ण कॉपी करून पाठवा. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरपा फोटो नको. त्यात फोल्डरचं नाव नेमकं कडेला कापलं जातं.