एक विरुद्ध मंडळ : शिकवणारा सामूहिक डाव कसा लावावा

बलवान खेळाडूला बुद्धिबळ मंडळात बोलवायचे म्हटले, की आयोजकाच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा येते ते एकाच वेळी वीस पटांवरचे प्रदर्शन. पाहुणा पटांच्या रांगेतून फेऱ्या मारतो, बहुतेक डाव जिंकतो, फोटो निघतात, आणि सभासद घरी जातो तेव्हा आपण हरलो यापलीकडे त्याच्या हाती फारसे काही लागलेले नसते. सामूहिक डावात पट एकच असतो. पाहुण्यासमोर चार-पाच सभासद मिळून एक बाजू खेळतात आणि दोन्ही बाजू प्रत्येक खेळीचे कारण खेळी करण्याआधीच लिहून ठेवतात. माझ्या मते हा सारा खटाटोप त्या लिहिलेल्या कारणांसाठीच करायचा असतो, आणि पुढच्या सूचना त्याच हिशेबाने दिल्या आहेत.

अनेक डोकी एकत्र आली म्हणून खेळ आपोआप सुधारतो, असे मात्र नाही. १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरागृहात ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर हे दोघे सल्लामसलत करत त्या काळचा अव्वल अमेरिकन खेळाडू पॉल मॉर्फी याच्याविरुद्ध खेळले आणि सतराव्या खेळीला मात झाले. याउलट १९९९ साली जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हविरुद्ध इंटरनेटवर ‘जग’ खेळले, तेव्हा पन्नास हजारांहून अधिक लोकांच्या बाजूने ६२ खेळींपर्यंत झुंज दिली गेली. जिंकला कास्पारोव्हच, पण जगाचा डाव इतका टिकला त्याचे मोठे श्रेय इरिना क्रश या पंधरा वर्षांच्या सल्लागार मुलीला जाते, कारण ती नुसती खेळी सुचवत नव्हती, तर तिच्यामागचे विश्लेषण सर्वांना वाचता येईल असे मांडत होती आणि इतरांचे विश्लेषण त्यात गुंफत होती.

आमच्या मंडळाचा पहिला प्रयत्न याच मुद्द्यावर फसला. आम्ही व्हॉट्सॲपवर चौदा जणांचा गट केला आणि प्रत्येक खेळीला मतदान घेतले. आठवड्याभरात असे दिसू लागले की तिघेच विचार करतात आणि उरलेले अकरा जण त्या तिघांपैकी ज्याचे रेटिंग (खेळाच्या ताकदीचा आकडा) जास्त, त्याच्या खेळीवर बोट ठेवतात. त्यामुळे गट पाच जणांचाच असावा. मंडळात इच्छुक जास्त असतील तर दोन गट करून दोन डाव लावावेत.

या पाच जणांत रेटिंगचा उतार असावा. फिडेचे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचे, रेटिंग मार्च २०२४ पासून १४०० च्या खाली दिले जात नाही, म्हणून १६०० ते १७०० चे दोघे, १४०० च्या आसपासचे दोघे आणि रेटिंग नसलेला एक, अशी जुळणी चांगली चालते. समोरचा खेळाडू ग्रँडमास्टरच हवा, हा आग्रह सोडावा. गटातल्या सर्वांत बलवान सभासदापेक्षा तो ४०० ते ६०० गुणांनी वर असला की पुरे. ४०० गुणांचा फरक म्हणजे एकट्याने खेळल्यास शंभर डावांत त्याला सुमारे ९२ गुण मिळणे अपेक्षित असते. पाच जणांच्या विचाराने ही दरी काहीशी भरून निघते आणि डावात चुरस येते. शेजारच्या शहरातला २२०० चा कँडिडेट मास्टर (ग्रँडमास्टरपेक्षा बराच खालचा किताब), ज्याला बोलायची आणि लिहायची आवड आहे, तो अबोल ग्रँडमास्टरपेक्षा या कामाला कितीतरी उपयोगी. त्याचे मानधन आणि त्याने द्यायचा वेळ आधीच ठरवून घ्यावा. प्रत्येक खेळीमागे वीस मिनिटे धरली तर तो सहसा नाही म्हणत नाही.

डाव पहिल्या खेळीपासून सुरू करू नये. सुरुवातीच्या दहा खेळी बहुतेकांना पाठ असतात आणि पाठांतरावर वाद होत नाहीत. ज्या स्थितीत दोन वेगळ्या योजना संभवतात, अशी एखादी प्रसिद्ध स्थिती निवडून तिथून डाव सोडावा. आम्ही वजीर-गँबिट या सुरुवातीमधल्या बदलीच्या प्रकारातली स्थिती घेतली. (घरांच्या नावांत अक्षर म्हणजे उभा स्तंभ आणि आकडा म्हणजे आडवी ओळ.) दोन्ही बाजूंच्या दहा खेळी झाल्या आहेत. पांढऱ्याचा वजीर सी२ वर, उंट डी३ आणि जी५ वर, घोडे सी३ आणि एफ३ वर, प्यादी डी४ आणि ई३ वर. काळ्याचा वजीर अजून डी८ वर, उंट ई७ आणि सी८ वर, घोडे एफ६ आणि एफ८ वर, हत्ती ई८ वर, प्यादी सी६ आणि डी५ वर. दोघांचेही एकेक प्यादे मारले गेले आहे, बाकीची प्यादी मूळ जागी आहेत. दोघांचेही किल्लेकोट झालेले आहेत आणि पांढऱ्याची, म्हणजे गटाची, अकरावी खेळी आहे.

गटाची बैठक कशी चालवावी, ते या एका खेळीवरून सांगतो. आधी पाचही जणांनी न बोलता चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहायच्या: माझी खेळी, तिच्यावर प्रतिस्पर्ध्याचे सर्वांत चांगले उत्तर, आणि माझी योजना एका वाक्यात. मग चिठ्ठ्या वाचायच्या, त्या सर्वांत कमी रेटिंगवाल्यापासून. हा क्रम कटाक्षाने पाळावा. आपल्याकडे काका बोलले की मुले गप्प बसतात, आणि गप्प बसलेल्या मुलाच्या मनातली चूक मग कोणालाच दिसत नाही.

आमच्या गटातल्या सातवीतल्या मुलाने लिहिले होते, प्यादे ई४. त्याने खेळ्याही मोजल्या होत्या: काळा प्याद्याने प्यादे मारेल, मी घोड्याने मारीन, तो घोड्याने घोडा मारेल, मी डी३ च्या उंटाने तो घोडा मारीन. इथे तो थांबला. निवृत्त बँक कर्मचारी असलेल्या सभासदाने एवढेच विचारले, ‘‘बाळा, जी५ च्या उंटाचं काय?’’ एफ६ चा घोडा हलल्यामुळे काळ्याच्या ई७ उंटाला जी५ चा उंट मारता येतो; तो आपल्या घोड्याने मारावा, तर डी८ चा वजीर मोकळ्या झालेल्या तिरप्या रेषेतून येऊन तो घोडा उचलतो. एक मोहरा फुकट. मग मुलानेच सुधारणा शोधली, की आधी ई७ चा उंट मारून घ्यावा आणि नंतर ई४ चा घोडा. मोहरा वाचला. पण डी४ चे प्यादे शेजाऱ्यांविना एकटे उरते, हे पुढच्या चिठ्ठीतून आले. अखेर गटाने ए१ चा हत्ती बी१ वर नेला. त्यामागची योजना बी४, बी५ अशी प्यादी पुढे रेटून काळ्याच्या सी६ वर घाव घालायची होती. वजिराच्या बाजूला, म्हणजे ए ते सी स्तंभांत, आपली दोन प्यादी आणि त्यांची तीन, तरीही हल्ला आपलाच, हे त्या मुलाला आधी पटेना. बदलीनंतर सी६ चे प्यादे मागे पडून कायमचे लक्ष्य होते, हे पट मांडून दाखवल्यावर पटले.

मतभेद उरलाच तर निर्णय कर्णधाराने द्यावा, मात्र बाजूला पडलेली खेळी आणि तिचे कारण वहीत नोंदवावे. कर्णधार दर आठवड्याला बदलण्याची प्रथा काही ठिकाणी असते. मला ती पटत नाही, कारण तिने योजना मध्येच तुटते. कर्णधार सर्वांत बलवान असण्याचीही गरज नाही, त्याला ऐकून घेता आले पाहिजे आणि त्याचे अक्षर बरे असावे.

पाहुण्याचे टिपण आयोजकाने स्वतःकडे बंद ठेवावे आणि आयोजकाने स्वतः खेळू नये. या टिपणात पाहुण्याने तीन गोष्टी लिहाव्यात: गट काय खेळेल असे मला वाटले होते, मला कशाची भीती वाटते, आणि मी ही खेळी का निवडली. भीतीची ओळ मागितल्याशिवाय कोणी लिहीत नाही, आणि सभासदांना सर्वांत जास्त तीच शिकवते.

वेगाबाबत थोडक्यात. गटाला ४८ तास आणि पाहुण्याला २४ तास दिले, तर अकराव्यापासून चाळिसाव्या खेळीपर्यंत तीन महिने लागतात, त्यामुळे परीक्षांचे वेळापत्रक पाहूनच सुरुवात करावी. बदल्यांसारख्या उघड खेळींसाठी ‘त्याने हे केले तर आम्ही ते’ असे आधीच कळवण्याची मुभा ठेवावी. पाहुणा गावातलाच असेल तर रविवारी तीन तास समोरासमोर बसणे उत्तम. गटाला पंधरा मिनिटे आणि पाहुण्याला पाच, या हिशेबाने एका बैठकीत नऊ खेळी होतात.

संगणक इंजिनाचा, म्हणजे चांगली खेळी शोधून देणाऱ्या प्रोग्रामचा, प्रश्न येतोच. चर्चेसाठी लीचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर खासगी ‘स्टडी’ (सर्वांनी मिळून वापरायचा विश्लेषणाचा पट) उघडली, तर तिथे संगणकीय विश्लेषण सर्वांसाठी बंद करण्याची सोय आहे. ती जरूर वापरावी. पण खिशातल्या मोबाइलला त्याने आळा बसत नाही. आमच्याकडे एका सभासदाने ऐन मध्यावर एक शांत, सुरेख खेळी सुचवली, आणि ‘‘का?’’ असे विचारल्यावर त्याला उत्तर देता आले नाही. कोणी काही बोलले नाही, पण पुढच्या बैठकीपासून एकच नियम आला: ज्या खेळीचे कारण सुचवणाऱ्याला सांगता येत नाही, ती खेळी विचारात घेतली जाणार नाही. या नियमात आरोप नाही, चौकशी नाही, आणि इंजिन पाहून येण्यात काही फायदाही उरत नाही.

डाव संपल्यावर आठवड्याच्या आत वाचनाची बैठक घ्यावी, उशीर झाला की उत्साह ओसरतो. भिंतीवर मोठा पट लावावा आणि प्रत्येक खेळीला आधी गटाची वही, मग पाहुण्याचे टिपण वाचावे. इंजिन या बैठकीत आणायचेच असेल तर अगदी शेवटी, दोन्ही बाजूंच्या लिखाणात विरोध दिसला तेवढ्याच चार-पाच जागांसाठी आणावे. आमच्या वाचनात असे निघाले की ज्या बी५ खेळीवर गट तीन दिवस भांडला, ती पाहुण्याने गृहीतच धरली होती, आणि जिची त्याला खरी धास्ती होती ती खेळी एका चिठ्ठीवर होती, पण कर्णधाराने बाजूला ठेवली होती. ती चिठ्ठी त्या सातवीतल्या मुलाची होती.

पुढचा डाव त्याच स्थितीतून, पण रंग बदलून लावावा. आता पाहुणा पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळेल आणि गटाला सी६ चे तेच प्यादे सांभाळायचे असेल. पहिल्या डावाची वही या वेळी टेबलावर उघडी ठेवायला हरकत नाही. पाहुण्यालाही तिची एक प्रत द्यावी.