गुलाबाच्या तोडीआधी एक फेरी केव्हीकेची (कृषी विज्ञान केंद्राची)

डिसेंबर लागला की नाशिकजवळच्या जानोरी-मोहाडीकडच्या पॉलिहाऊसमध्ये एकच हिशेब सुरू होतो: व्हॅलेंटाईनला फूल आणायचं तर तोड, म्हणजे झाडाची छाटणी, कधी घ्यायची? लांबच्या बाजारासाठी माल ५ फेब्रुवारीपासून हवा असेल, तर ५० दिवस मागे मोजा, १७ डिसेंबर येतो. थंडी हलकी असेल तर ४५ दिवसांतही कळी तयार होते, म्हणजे २२ डिसेंबर. पण निफाड-दिंडोरीचा पारा घसरला की झाड हटून बसतं. म्हणून सगळी तोड एका दिवशी उरकू नका. तीन-चार दिवसांच्या अंतराने बेड वाटून घ्या. ताजमहल आणि टॉप सीक्रेट एकाच दिवशी छाटले म्हणून एकाच दिवशी फुलत नाहीत. मागच्या वर्षीची तोडीची वही असेल तर ती माझ्या आकड्यांपेक्षा खरी माना.

तोड घेतल्यावर चूक दुरुस्त करायला फारसा वेळ उरत नाही. म्हणून तज्ज्ञाला बोलवायचं ते आत्ता, फुटवा पिवळा पडल्यावर नव्हे. आपल्याकडची अडचण अशी की दुकानदारापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांचा हात द्राक्षावर बसलेला. गुलाबाचं पान दाखवलं तरी उत्तर द्राक्षाचंच येतं. मीही एकदा नव्या पानांचा पिवळेपणा बघून महिनाभर सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या पुड्या सोडत राहिलो. पाणी तपासलं तेव्हा कळलं, विहिरीत बायकार्बोनेट जास्त होतं. मातीचा सामू (पीएच) चढलेला, लोह होतं पण मुळांना मिळत नव्हतं. शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं, ही त्याची खूण. पुड्यांचे पैसे गेले ते गेलेच.

नाशिकचं कृषी विज्ञान केंद्र मुक्त विद्यापीठाच्या आवारात, गोवर्धनला आहे. जाताना ‘फुलांचं बघायचंय, उद्यानविद्येचे विषय विशेषज्ञ कधी भेटतील’ असं आधी फोनवर विचारा. एकट्याने जाण्यापेक्षा गावातले आठ-दहा पॉलिहाऊसवाले मिळून प्रक्षेत्र भेट, म्हणजे तज्ज्ञांनी शेतावर येऊन पाहणी, मागा. एका घरासाठी गाडी निघणं अवघड, दहांसाठी निघते. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे आणि ‘आत्मा’कडेही (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) गटाने अर्ज द्या. शेतीशाळा म्हणजे सोयाबीन-कांद्याचीच असं कुठे लिहिलेलं नाही, फक्त फुलवाले कधी मागत नाहीत.

नमुना मात्र नीट न्या. ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेलं पान टेबलावर पोचेपर्यंत लगदा होतं, मग समोरचा माणूस अंदाजच सांगणार. रोगासाठी अख्खी फांदी कापा. थोडी निरोगी, थोडी रोगट पानं तिच्यावर असू द्या, आणि कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळा. पाण्यासाठी मोटार पंधरा-वीस मिनिटं चालू द्या, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, मग लिटरभर भरा. माती ड्रिपरजवळून, वीतभर खोलीची, आठ-दहा ठिकाणची एकत्र करून घ्या. खत सोडल्याच्या दिवशी नको. आणि सोबत फवारणीची वही. तिच्यावाचून अर्ध्या प्रश्नांना उत्तरच नसतं.

थंडीत खरी भीती डाऊनी (केवडा) रोगाची. भुरी हा दुसरा रोग, ती पांढरी दिसते, लगेच कळते. डाऊनीत कोवळ्या पानावर जांभळट-तपकिरी, वेडेवाकडे डाग येतात आणि फांदीला नुसता हात लागला तरी पानं गळतात. दोन्हींची औषधं वेगळी, म्हणून ओळख पटल्याशिवाय पंप पाठीवर घेऊ नका. रात्री पडदे बंद असतात, ओल आत कोंडते आणि पहाटे प्लॅस्टिकवरून थेंब टपकतात. तिथूनच रोग पसरतो. ऊन चढलं की बाजूचे पडदे उघडा, दिवस मावळायच्या आधी बंद करा. पाणी आणि फवारणी सकाळी अकराच्या आत उरका, संध्याकाळपर्यंत पान कोरडं झालं पाहिजे. औषधाचं प्रमाण लेबलावरचं, शेजाऱ्याच्या बादलीतलं नाही.

फुलकिड्यांसाठी रोज चार कळ्या पांढऱ्या कागदावर झटका. बारीक, लांबट, पळणारे ठिपके दिसले तर कळी रंग धरायच्या आतच उपाय करा. लाल कोळी पानाखाली असतो, दहापट भिंगाशिवाय वेळेत सापडत नाही. भिंग खिशात ठेवा, मोबाईलच्या फोटोवर तो दिसत नाही.

झेंडू-शेवंती मोकळ्यावर असेल तर थंडीच्या रात्रीआधी हलकं पाणी द्या, बाकी लग्नसराईचा भाव बघून तोडा. कुंड्यांच्या नर्सरीवाल्यांनी संध्याकाळचं पाणी बंद करावं, मूळकूज तिथूनच सुरू होते.

मुघलांनी नाशिकला गुलशनाबाद म्हटलं होतं. आता त्याच गावात गुलाबाचा सल्ला द्राक्षाच्या दुकानात मिळतो. पहिली तोड १७ तारखेची धरली, तर पाण्याची बाटली डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच गोवर्धनला पोचवा, म्हणजे अहवाल तोडीच्या आत हाती येईल.